आडव्याचं उभं

"हात लावून बघा तुम्हीच. मी म्हणते म्हणून नको."

"लावला की मघाशी. पार खांद्यापर्यंत हललो."

"वजन लावायच्या आधी एवढं होतं का?"

"नव्हतं, तेच तर म्हणतोय. तू वजन लावलंस आणि हा जास्तच नाचायला लागला. आता तरी कबूल कर, पंख्याचा शाफ्ट वाकलाय."

"शाफ्टला काही झालेलं नाही, फोरमनसाहेब."

"मग तुझ्या कॉम्प्युटरला झालंय का?"

भिंगरी पंख्याच्या पलीकडच्या अंगाला गेली, तिथून पुन्हा अलीकडं आली, बेअरिंगच्या डोक्यावर तळवा ठेवला, काढला, खाकी कोटाला पुसला. पंख्याची वीज तोडून झाली होती, तरी त्याचं भलंमोठं चाक पत्र्याच्या पोटात कुरकुरत फिरतच होतं. जड वस्तू एकदा फिरायला लागली की तिला थांबायचं लवकर सुचत नाही.

"पंखासुद्धा थांबत आला," फोरमन म्हणाला, "तू कधी थांबणार?"

पालथ्या बादलीवर बसलेला वेल्डर खुदकन हसला. फोरमननं त्याच्याकडं बघितल्यावर त्यानं ते हसू खोकल्यात घातलं.

कागदाच्या गिरणीतला हा पंखा बॉयलरचा धूर ओढून चिमणीत घालतो. तो बंद म्हणजे बॉयलर बंद, बॉयलर बंद म्हणजे वाफ नाही, आणि वाफ नाही म्हणजे ओला लगदा रुळांवर तसाच पडून. त्यामुळं त्या दिवशी अख्खी गिरणी हात बांधून बसली होती आणि जो तो कसलंतरी निमित्त काढून पंख्याच्या खोलीच्या दारातून डोकावून जात होता. डोकावणाऱ्याला दिसायची ती येरझाऱ्या घालणारी भिंगरी.

तिचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती स्वतःच मागं वळून बघेल, कुणाला बोलावलं म्हणून. पायाला भिंगरी लागलेली बाई, म्हणून भिंगरी. शाळेत पाढे म्हणायची वेळ आली की ही वर्गातल्या खांबाभोवती फिरत म्हणायची. मास्तरांनी दंडाला धरून बसवली की पाढाही तिथंच बसायचा. सोडली की पुढचा आकडा तोंडातून आपोआप पडायचा. शेवटी मास्तरांनीच हात टेकले आणि खांबाजवळची दोन पोरं दुसरीकडं हलवली.

नवरा मिळाला तोही पाट्या रंगवणारा, दिवसभर शिडीवर. दोघांच्या घरात खुर्च्या आहेत, पण त्यांवर धुतलेले कपडे बसतात.

गिरणीत ती आधी ग्रीस भरायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक बेअरिंगपाशी जायचं, ग्रीस द्यायचं, पुढं. असलं काम तिच्यासाठीच कुणीतरी काढलं असावं. फिरता फिरता तिचा हात तयार झाला. कुठलं यंत्र नुसतं कुरकुरतंय आणि कुठलं खरंच दुखण्यात आहे, हे तिच्या तळव्याला कळायला लागलं. तेव्हाचे मेस्त्री आता पोराकडं राहायला गेले. जायच्या आधी त्यांनी तिला पंख्यांचा तोल साधायचं काम शिकवलं. "पंखा का थरथरतो?" ते विचारायचे आणि स्वतःच सांगायचे, "एका अंगानं जड झाला म्हणून. धूळ बसते, पातं झिजतं, काहीही होतं. जड अंग हुडकायचं आणि समोरच्या अंगाला तेवढंच वजन चिकटवायचं. ज्याला हे कळलं त्याला सगळं कळलं." मग जमिनीवर खडूनं एक गोल काढायचे आणि तासभर त्या गोलात बाण मारत बसायचे. मेस्त्री बसायचे, भिंगरी गोलाभोवती फिरायची.

खडूचं ठीक होतं, पण हा धुराचा पंखा रुंद. त्याला दोन्ही तोंडांना, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना, वेगवेगळं वजन लागायचं, आणि एका तोंडाला लावलं की दुसऱ्याचं बिनसायचं. मेस्त्री असतानाही या पंख्यापुढं खडू रडायचा. म्हणून नव्या मॅनेजरनं गणिताचं सॉफ्टवेअर घेतलं. मॅनेजर वयानं लहान, बोलायला गोड. त्यानं भिंगरीला बोलावून सांगितलं, "बाई, धुराच्या पंख्याचा तोल तुम्ही यावर साधून दाखवलात तर तोल साधायचं काम इथंच राहील, तुमच्याकडं. नाही जमलं तर पंखा बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येत जाईल, आणि तुम्हाला स्टोअरला घेऊ. तिथं आराम आहे. सावली, टेबल, खुर्ची. दिवसभर बसून काम."

त्या बिचाऱ्याला वाटलं आपण बाईचं भलंच करतोय. भिंगरी मात्र खुर्ची हा शब्द ऐकताच दाराकडं सरकली. स्टोअरची खोली तिनं पाहिली होती. तिला खिडकी होती, पण ती मागच्या भिंतीकडं उघडायची. तिथं बसून नटबोल्ट देत आयुष्य काढायचं, आणि बाहेर कुठलंतरी बेअरिंग ओरडायला लागलं की दुसऱ्या कुणाला तरी कळेल अशी वाट बघायची. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "खुर्चीला दोरीनं बांधतील का गं तुला?" त्यावर तिनं त्याला जेवण वाढलं नाही, त्यानं स्वतः घेतलं.

मग तिनं पुतणीला धरलं. दिराची मुलगी, कॉलेजात गणित घेतलेली, बोलायला फटकळ पण मनानं चांगली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं काकूपुढं कॉम्प्युटरवर तेच सॉफ्टवेअर उघडलं.

"काकू, आधी बस."

"दिसतंय मला उभ्यानं. सांग तू."

पुतणीनं परीक्षेच्या मार्कांचा तक्ता घातला. एका ओळीत एक मुलगी, ओळीत एकापुढं एक तिचे विषय. "याला मॅट्रिक्स म्हणतात. आता मला हवंय की ओळीत विषय यावा आणि मुली एकापुढं एक याव्यात. म्हणजे आडवं आहे ते उभं आणि उभं आहे ते आडवं. याला ट्रान्सपोज म्हणतात. हे बघ." तिनं तक्त्याच्या नावापुढं वरच्या बाजूला एक बारीक तिरकी रेघ दिली, बटण दाबलं, आणि सगळा तक्ता एका दमात कुशीवर वळला.

भिंगरीला ते फारच आवडलं. तिनं त्या रेघेचं नाव ठेवलं टिचकी. टिचकी मारली की आडव्याचं उभं. तिनं चार-पाच वेळा मारून बघितली. तक्ता उठायचा, झोपायचा, उठायचा.

"आता पुढचं ऐक," पुतणी म्हणाली. "हे साधे आकडे आहेत. पण तुझे जे..."

"तो पंप ऐकतेस का?" काकू म्हणाली. "शेजारच्यांचा. कोरडा चाललाय तो, जळेल." आणि चपला घालून ती गेलीसुद्धा. पंप वाचला. धडा तिथंच राहिला.

धुराच्या पंख्याचे आकडे घ्यायचे म्हणजे चालायचं काम, ते तिनं झटक्यात केलं. चाकावर एक खूण, तिच्यापासून सगळं मोजायचं. दोन्ही बेअरिंगांवर वरून आणि बाजूनं सेन्सर लावायचा, थरथर किती आणि कुठल्या अंगाला ते टिपायचं. पंखा आहे तसा चालवून एक फेरी. मग खुणेपाशी चाचणीचं वजन, आधी एका तोंडाला, मग दुसऱ्या तोंडाला, त्यांच्या फेऱ्या. एका फेरीचे आकडे तिनं एका ओळीत आडवे घातले, कारण ती तशीच चालत गेली होती, एकापुढं एक. सूत्राला ते उभे हवे होते, एकाखाली एक. भिंगरीनं टिचकी मारली. आडव्याचं उभं झालं. कॉम्प्युटरनं सांगितलं, दोन्ही तोंडांना कुठं आणि किती. वेल्डरनं मोजून वजनाच्या पट्ट्या जोडल्या. पंखा सुरू केला, आणि वरच्या पत्र्यावरची धूळ सगळ्यांच्या डोक्यावर पडली.

म्हणून फोरमन शाफ्टला दोष देत होता.

"उतरवायचं म्हटलं तर छताचा पत्रा काढावा लागेल," तो म्हणाला. "क्रेन मागवावी लागेल. मी मॅनेजरला फोन करतो."

"जरा थांबा."

"हे तू मला सांगतेस? थांबा म्हणून?"

"चहा पिऊन या. तेवढा वेळ द्या."

फोरमन कुरकुरत गेला. माणूस वाईट नव्हता. वरून ओरडा बसायचा तो त्याला बसणार होता, एवढंच.

भिंगरीनं कोटाच्या खिशातून खडू काढला. पंख्याजवळची फरशी तेलकट, तिथं खडू उमटेना, म्हणून दाराजवळच्या कोरड्या जागेत तिनं गोल काढला. एकाच बेअरिंगचा, एकाच तोंडाचा, मेस्त्रींच्या रीतीनं ढोबळ. आधीच्या थरथरीचा एक बाण. चाचणीचं वजन लावल्यावरचा दुसरा बाण. दोन्हींच्या टोकांना जोडणारी रेघ, म्हणजे त्या वजनानं काय केलं ते. ती रेघ फिरवत फिरवत पहिल्या बाणाच्या बरोबर उलट आणायची, आणि जेवढी फिरवावी लागली तेवढंच वजन खुणेपासून सरकवायचं. ती गोलाभोवती फिरली, वाकली, पुसलं, पुन्हा काढलं.

"ए, इकडं ये," तिनं वेल्डरला हाक मारली. "पट्टी कुठं जोडलीस? या गोलावर दाखव."

वेल्डरनं बोट ठेवलं. खुणेच्या उजव्या अंगाला.

खडू म्हणत होता, डाव्या अंगाला. साधारण तेवढ्याच अंतरावर, पण खुणेच्या पलीकडं. आरशात बघितल्यासारखं.

वजन जिथं नको नेमकं त्याच बाजूला जाऊन बसलं होतं. जड अंगाला आणखी जड केलं होतं.

"काय झालं, ताई?" वेल्डर म्हणाला.

तेवढ्यात फोरमन आला, कप हातातच. त्यानं गोल बघितला. या खडूवर त्याचाही अर्धा जन्म गेला होता, त्याला सांगावं लागलं नाही.

"उलट्या अंगाला बसलंय," तो म्हणाला, आणि वेल्डरकडं वळला. "उलटं मोजलंस ना रे?"

"नाही साहेब. चाकाच्या फिरतीच्या उलट मोजायचं, ताईंनी सांगितलं तसंच मोजलं."

"फिरती कुठली आणि उलट कुठलं, कळतं का तुला? मागच्या महिन्यात व्हॉल्व्हसुद्धा उलटा बसवलास."

"तो मी नव्हतो बसवला."

"मग कुणी, मी?"

वेल्डरनं चाकाकडं बघितलं, हातानं हवेत एक गोल काढला, मग दुसऱ्या बाजूनं काढला. त्याचा चेहरा पडायला लागला. माणसाला दोनदा विचारलं की त्याला स्वतःचं नावसुद्धा खोटं वाटायला लागतं. "साहेब, मला वाटतं बरोबर मोजलं होतं मी," तो म्हणाला. आता नुसतं वाटत होतं.

भिंगरीला कळत होतं की सुटायला दार उघडं आहे. गप्प राहायचं. वेल्डर पुन्हा मोजेल, पट्टी दुसऱ्या अंगाला लागेल, पंखा शांत होईल, काम तिचं राहील. वेल्डरला चार शिव्या बसतील, त्या त्याला रोजच बसतात. ती चाकाच्या आत वाकली. लोखंडावर वेल्डरनं मोजताना काढलेला खडूचा बाण अजून होता. फिरतीच्या उलट. बरोबर.

"यानं बरोबर मोजलंय," ती म्हणाली. "मला कॉम्प्युटर बघू द्या."

कॉम्प्युटर स्टुलावर होता. ती उभ्यानंच वाकली. आडवा तक्ता वर होता, तिनं स्वतः घातलेला. टिचकीनंतरचा उभा तक्ता खाली. पुतणीच्या मार्कांसारखे हे साधे आकडे नव्हते. थरथर किती आणि कुठल्या अंगाला, दोन्ही सांगायचं म्हणून प्रत्येक आकड्याला मागं एक शेपटीचा आकडा होता. तिनं वरच्या ओळीतला पहिला बघितला, मग खालचा. पुन्हा वरचा, पुन्हा खालचा. आकडे तेच. पण वर शेपटीच्या आधी अधिक होतं आणि खाली उणे. दुसऱ्याचं बघितलं, वर उणे, खाली अधिक. झाडून सगळ्या शेपट्या उलटल्या होत्या.

ती बाहेर गेली आणि पुतणीला फोन लावला. कॉलेजची सुट्टी झाली असावी, मागं पोरींचा कलकलाट होता.

"टिचकी मारली की शेपट्या उलटतात का गं?"

"कसल्या शेपट्या? काकू, तू हळू बोल."

भिंगरीनं सांगितलं.

"कॉम्प्लेक्स नंबर आहेत ते," पुतणी म्हणाली. "नुसती रेघ दिली की ते सॉफ्टवेअर आडव्याचं उभं करतं आणि शेपटीचं चिन्हही बदलतं. काही कामांत तेच हवं असतं. तुला नुसतं वळवायचं असलं तर रेघेच्या आधी टिंब द्यायचं. टिंब, मग रेघ. तेच मी तुला त्या दिवशी सांगत होते."

"कधी?"

"तू शेजारच्यांचा पंप ऐकायला गेलीस तेव्हा."

"ठेवते," भिंगरी म्हणाली.

तिनं आत येऊन टिंब दिलं, टिचकी मारली. तक्ता उभा राहिला, शेपट्या जागच्या जागी. सूत्रानं नवं उत्तर दिलं, आणि ते खुणेच्या डावीकडं, खडूनं दाखवलं होतं त्याच्या जवळच होतं. दुसऱ्या तोंडाचंही तसंच. आता चूक कुणाची ते सांगावं लागणार होतं.

ती दारापासून पंख्यापर्यंत गेली आणि परत आली. एकदा. मग आणखी एकदा. फोरमन तिकडं वेल्डरला समजावत होता की माणसानं मोजताना तोंड कुठल्या बाजूला करून उभं राहावं.

"त्याला सोडा," ती म्हणाली. "चूक माझी आहे. टिंब राहिलं."

"काय राहिलं?"

"टिंब. आकडे आडव्याचे उभे करताना एक टिंब द्यायचं असतं. ते नाही दिलं तर डावं-उजवं उलटं होतं. मी दिलं नाही."

फोरमननं तिच्याकडं, मग पंख्याकडं बघितलं. एवढं थोरलं लोखंड. "टिंबानं?"

"आमच्या घरच्या माणसानं एकदा खताच्या दुकानाची पाटी रंगवली. 'सेंद्रिय खत मिळेल.' वर ब्रशमधून एक थेंब पडला, तो याला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानदार दारात. म्हणाला, लोक येऊन विचारतात, सेंद्रिय खंत कशी किलो दिली."

वेल्डर आधी हसला. मग फोरमनच्या मिशा हलल्या, आणि त्यानं कप तोंडाला लावला, तो रिकामा होता.

"आणि हे टिंब तुला माहीत नव्हतं?"

"शिकवत होती पोरगी. मी मधेच उठून गेले."

"अर्थात," फोरमन म्हणाला. "मॅनेजर येतोय, मी मघाशीच फोन केला. त्याला काय सांगू? वेल्डरनं उलटं मोजलं म्हणालो तर खपून जाईल बघ. तुझ्या खुर्चीचं माहीत आहे मला."

वेल्डर हातातला हातमोजा उलटा करत होता.

"मीच सांगते," भिंगरी म्हणाली आणि वेल्डरकडं वळली. "तोवर तू पट्ट्या काप."

मॅनेजर आला तेव्हा कापायच्या मशीनच्या ठिणग्या उडत होत्या. तिनं त्याला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात, पंपासकट. तो हात मागं बांधून बघत राहिला. पट्ट्या निघाल्या, नव्या जागी जोडल्या गेल्या. या वेळी वेल्डरनं दोनदा मोजलं आणि फोरमनला दाखवलं. मग सगळे बाहेर आले आणि पंखा सुरू झाला.

आधी घरघर, मग घुमणं. पत्र्यावरून काही पडलं नाही. चाक वेगात आल्यावर भिंगरीनं बेअरिंगच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि बाजूला होऊन फोरमनला जागा दिली. त्यानं हात ठेवला, ठेवूनच राहिला. "खांदा जागेवर आहे," तो म्हणाला.

मॅनेजरनंही हात ठेवला. त्याला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण थोडा वेळ ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "ही चूक तुम्ही सांगितली नसती तर मला कळली नसती."

"नसती."

"आणि पुढच्या वेळी दुसरी झाली असती, तीही कळली नसती." त्यानं विचार केला. "काम तुमच्याकडं राहील. पण एकटीकडं नाही. आकडे वळवल्यावर दुसऱ्या कुणीतरी तुमच्या शेजारी बसून वरचा आणि खालचा तक्ता ताडून बघायचा. त्याशिवाय वेल्डिंगचा दांडा उचलायचा नाही. आणि ती तुमची पुतणी, तिचा राहिलेला धडा पूर्ण करायचा."

"बसून?"

"बसून."

स्टोअरचं त्यानं काही काढलं नाही. तिनंही विचारलं नाही. फोरमनकडं बघून तो म्हणाला, "ताडायला कोण?" आणि फोरमननं हनुवटीनं वेल्डरकडं दाखवलं.

"मला काय कळतंय त्यातलं?" वेल्डर म्हणाला.

"वर अधिक तर खाली अधिक, वर उणे तर खाली उणे," भिंगरी म्हणाली. "एवढं कळतं का?"

"कळतं."

"मग झालं."

तिला ते फारसं रुचलं नव्हतं. आकडे घेऊन झाले की कुणाची तरी वाट बघायची, तो येणार, बसणार, बोट ठेवून एकेक वाचणार, आणि आपण तोवर जागच्या जागी तोंड बघत. डोक्यात आत्ताच मुंग्या यायला लागल्या होत्या. पण स्टोअरच्या खिडकीपेक्षा हे परवडलं.

बॉयलरवाल्यांनी आग घातली. लगद्याच्या बाजूनं कुणीतरी हात हलवत हाका मारत होतं, तिकडच्या पंपाचा पट्टा किंचाळतोय म्हणून. फोरमन म्हणाला, "अगं आता तरी घोटभर चहा घे," पण वाक्य पुरं व्हायच्या आत ती पाना उचलून पायऱ्या उतरायला लागली होती.